तपासणाऱ्यांची तपासणी



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, नाटक, प्रवास असे विषय आपल्या डोळ्यांसमोर येतात. दिवसभराच्या उकाड्यानंतर चार चांगले शब्द कानावर पडावेत, ही श्रोत्यांची अपेक्षाही रास्तच आहे. अशा ठिकाणी प्रयोगशाळा, प्रमाणपत्रे आणि सरकारी देखरेख असला रुक्ष विषय घेऊन एक कामगार कार्यकर्ता उभा राहतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या एखाद्याची नजर दाराकडे वळली तर मी त्याला दोष देणार नाही. पण विषय दिसतो तितका परका नाही. आपण सारेच रोज दुसऱ्याने केलेल्या तपासणीवर विसंबून जगत असतो. आपले तिकडे लक्ष नसते, एवढेच.

वाण्याच्या दुकानापासून सुरुवात करू. तुम्ही एक किलो तूरडाळ घेता. तागडीत टाकलेले वजन खरोखर किलोचे आहे की नाही, हे तुम्ही घरी जाऊन पडताळीत बसत नाही. कारण त्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. त्या खात्याचा निरीक्षक आपल्याजवळच्या प्रमाण वजनाशी वाण्याचे वजन ताडून पाहतो. निरीक्षकाचे वजन त्याच्याहून वरच्या प्रतीच्या वजनाशी ताडलेले असते, आणि अशी वर वर चढत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचते. किलोभर डाळीच्या खरेपणासाठी आपण एवढी साखळी उभी केली आणि ते योग्यच केले. माझा प्रश्न साधा आहे. हमालाच्या पायातला बूट, त्याच्या माथ्यावरचे हेल्मेट, त्याच्या डोक्यावर लोंबणारी चेनपुली, सायझिंगमधला बॉयलर, यांच्या खरेपणासाठी आपण उभी केलेली साखळी तितकी मजबूत आहे काय? ‘ही वस्तू सुरक्षित आहे’ असा शिक्का जो मारतो, त्याच्या शिक्क्यावर कोणाचा शिक्का आहे?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी संघटनेच्या कामात नवखा होतो. एका कारखान्यात कापडाच्या गाठी वरच्या मजल्यावर चढविण्यासाठी चेनपुली होती. एके दिवशी साखळीची एक कडी उघडली आणि गाठ खाली आली. आमच्या एका सोबत्याचा हात कोपरापासून गेला. मी तावातावाने कचेरीत गेलो. माझी खात्री होती की तपासणीचा कागद निघणारच नाही, आणि मग मालकाला धारेवर धरता येईल. पण मेहताजींनी शांतपणे कपाट उघडून प्रमाणपत्र माझ्यापुढे ठेवले. तारीख होती, सही होती, शिक्का होता. पुलीची परीक्षा भार टांगून घेतली असून ती निर्दोष आहे, असे त्यात लिहिले होते. परीक्षा अपघाताच्या आधी तीन आठवड्यांवर झालेली! माझ्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले.

संध्याकाळी परत जाऊन मी ती पुली पाहिली. तिच्या अंगावरच्या पत्र्यावर रंगाचे चार थर चढले होते. खिशातल्या रुपयाच्या नाण्याने मी तो रंग खरवडला, तेव्हा आत कोरलेला क्रमांक दिसू लागला. तो प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की रंग खरवडल्याखेरीज तो क्रमांक कोणालाच वाचता आला नसता. म्हणजे तपासणाऱ्याने ती पुली डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. भार टांगणे तर दूरच. आमच्या सोबत्याला नुकसानभरपाई मिळाली, तीही बऱ्याच खेटा घातल्यावर. मालकाची चौकशी झाली, जॉबरची झाली, उजव्या हाताने कडी ओढली की डाव्या हाताने, अशी त्या थोट्या झालेल्या माणसाचीही झाली. एका माणसाला मात्र कोणी काही विचारले नाही. ज्याची त्या कागदावर सही होती, त्याला. मी एका कचेरीत तसे म्हणालो, तेव्हा टेबलापलीकडून उत्तर मिळाले, “कागद तर बरोबर आहे ना?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी शाळा सातवीत सुटलेली. पण दुसऱ्या दिवसापासून मी कायद्याचे पुस्तक आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून वाचू लागलो. जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. या कायद्याने माल चढविण्याच्या यंत्रांची परीक्षा किमान १२ महिन्यांतून एकदा आणि लिफ्टची किमान ६ महिन्यांतून एकदा ‘सक्षम व्यक्ती’कडून करून घेणे बंधनकारक केले. ही सक्षम व्यक्ती कोण, याची व्याख्या मात्र कायद्यात पुढे चाळीस वर्षांनी आली. १९८४ साली भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा सरकारला जाग आली. १९८७ च्या दुरुस्तीने सांगितले की, जिची पात्रता, अनुभव आणि तपासणीची साधने पाहून मुख्य निरीक्षकाने मान्यता दिली आहे, अशी व्यक्ती किंवा संस्था म्हणजे सक्षम व्यक्ती. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आले. केंद्राने २०२० साली केलेली व्यवसाय सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, तिच्यातही ही ‘सक्षम व्यक्ती’ कायम आहे. शिवाय त्रयस्थाकडून तपासणी व प्रमाणन करून घेण्याची तरतूदही तिच्यात आहे.

बॉयलरची कथा तर याहून जुनी आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली. पुढच्याच वर्षी, १८६४ साली, बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि १९२३ साली साऱ्या देशासाठी एक कायदा आला. किती तरी वर्षे बॉयलर पाहणारा माणूस सरकारी निरीक्षक असे. २००७ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त खाजगी व्यक्ती आणि संस्था यांनाही हे दार उघडले. २०२५ साली जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आपल्या भिवंडीत सायझिंग आणि डाइंगची जी धुराडी दिसतात, त्या प्रत्येकाखाली एक बॉयलर आहे, हे ध्यानात ठेवा.

वस्तूंची गोष्ट तिसरी. हेल्मेट, बूट, चष्मे यांच्यासाठी भारतीय मानके आहेत. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचा ‘आयएसआय’ हा शिक्का घराघरात माहीत आहे. आता ते काम भारतीय मानक ब्यूरो २०१६ च्या कायद्याखाली करते. कारखान्यातल्या हेल्मेटचे मानक आयएस २९२५ आणि सुरक्षा बुटाचे आयएस १५२९८. या बुटाच्या चवड्यावरची टोपी २०० ज्यूल इतका आघात सोसली पाहिजे, असे मानक म्हणते. ज्यूल हा शब्द पाहून मीही प्रथम घाबरलो होतो. त्याचा अर्थ असा की, साधारण २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पायावर पडले तरी बोटे शाबूत राहिली पाहिजेत. ही परीक्षा ब्यूरोच्या स्वतःच्या किंवा त्याने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत होते. आणि प्रयोगशाळेला चाचणी करण्याची कुवत आहे काय, तिची उपकरणे प्रमाणित आहेत काय, हे पाहण्यासाठी राष्ट्रीय मान्यता मंडळ आहे. त्याला सारे ‘एनएबीएल’ म्हणतात. ते आयएसओ १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रयोगशाळांची परीक्षा घेते.

तेव्हा कायदा नाही, मानक नाही, संस्था नाही, असे कोणी म्हणू नये. सारे आहे. मग माझ्या सोबत्याचा हात का गेला? मला वाटते, याचे उत्तर तीन साध्या प्रश्नांत आहे. कोणतेही सुरक्षा-प्रमाणपत्र पुढे आले की हे तीन प्रश्न विचारावेत. नमुना कोणी उचलला? पैसे कोणी दिले? आणि चूक निघाली तर जाब कोण देणार?

पहिला प्रश्न नमुन्याचा. याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारचे आहे आणि फार जुनेही नाही. २०२० साली करोनाची साथ आली. भिवंडीचे माग थांबले, आणि नाशिक रस्त्याने पायी गावी निघालेल्या आपल्या कारागिरांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या. त्याच वेळी इस्पितळांतील डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार यांच्यासाठी अंगभर संरक्षक पोशाख हवे होते. देशात ते जवळजवळ बनतच नव्हते. बघता बघता शेकडो शिवणखाने या कामाला लागले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत रोजचे उत्पादन चार लाखांच्या पुढे गेले. आता हा पोशाख रक्त आत झिरपू देत नाही, हे सांगायचे कोणी? सुरुवातीला कोइमतूरच्या ‘सिट्रा’ या वस्त्र-संशोधन संस्थेने कृत्रिम रक्ताची चाचणी सुरू केली. मग आणखी प्रयोगशाळांना मान्यता मिळाली. त्यांत आपल्या अंबरनाथची आयुध-निर्माणी होती. पुढे मुंबईची वस्त्रोद्योग समितीही या कामात आली. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक प्रकाराला एक स्वतंत्र क्रमांक मिळे, आणि तो पोशाखावर छापावा लागे.

व्यवस्था चांगली होती. पण तिच्यात एक फट होती. चाचणीसाठीचा नमुना कारखानदार स्वतः पाठवीत असे. शहाणा माणूस परीक्षेला आपले उत्तम अक्षर घेऊन जातो! एक पोशाख जाड कापडाचा, टाक्यांवर नीट पट्टी चिकटवलेला, असा पाठवायचा, क्रमांक मिळवायचा, आणि मग त्याच क्रमांकाखाली हलका माल काढायचा, हे कोणालाही सुचण्यासारखे आहे. म्हणूनच सरकारला पुढे जाऊन कारखान्यांतून, तयार मालातून, न सांगता नमुने उचलण्याची व्यवस्था करावी लागली आणि नापास होणाऱ्याचा पुरवठा बंद करण्याचा नियम करावा लागला. आपल्या भिवंडीकरांना हे समजावून सांगायला नको. दाखवायचा तागा आणि द्यायचा तागा यांतला फरक आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. व्यापारी गाठीतला मधला तागा ओढून काढतो आणि भिंग लावून पिके मोजतो. कापडाच्या बाबतीत आपण इतके सावध आहोत. मग जे माणसाच्या अंगावर चढायचे, त्याच्या बाबतीत वरचाच तागा का पाहावा?

दुसरा प्रश्न पैशांचा. बहुतेक ठिकाणी तपासणीची फी ज्याच्या मालाची तपासणी व्हायची तोच देतो, आणि प्रयोगशाळाही तोच निवडतो. आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मी असे म्हणत नाही की सगळ्या प्रयोगशाळा टाळ्या वाजवतात. उलट प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांची मला कीव येते. समजा, एका गावात दोन तपासनीस आहेत. पहिला चढून पाहतो, भार टांगतो, दोष सापडला तर सही करीत नाही. दुसरा चहा घेतो आणि सही करतो. पहिल्याला दोन तास लागतात, दुसऱ्याला दहा मिनिटे. साहजिकच दुसऱ्याची फी कमी. वर्षभराने कोणाकडे गिऱ्हाईक राहील? खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकून लावते, असे अर्थशास्त्र सांगते. तपासणीच्या बाजारातही तेच घडते. म्हणून सरकारी देखरेख ही प्रामाणिक प्रयोगशाळेवरचा जुलूम नव्हे, तिचे संरक्षण आहे. देखरेख नसेल तर सचोटी हा धंद्यातला तोटा ठरतो.

या बाबतीत अमेरिकेने काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. तिथे विम्याच्या व्यवहारातून १८९४ साली एक मोठी चाचणी-प्रयोगशाळा उभी राहिली. विजेच्या नव्या उपकरणांनी आगी लागत आणि भुर्दंड विमेवाल्यांना पडे. तेव्हा तपासणीत त्यांचा स्वार्थ होता. १९७० साली तिथे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा कायदा झाला. प्रथम सरकारी नियमांत दोनच प्रयोगशाळांची नावे होती. १९८८ साली ती पद्धत मोडून, अटी पाळील त्या प्रयोगशाळेला मान्यता देण्याचा नियम केला गेला. त्यातली मुख्य अट फार मोलाची आहे. प्रयोगशाळा वस्तू बनवणाऱ्यांपासून, विकणाऱ्यांपासून आणि ती वापरणाऱ्या मालकांपासूनही पूर्णपणे स्वतंत्र असली पाहिजे. मान्यता पाच वर्षांपुरती. मान्यतेचा अर्ज सरकारी राजपत्रात छापून लोकांची मते मागवतात. सरकारी माणसे प्रयोगशाळेत जाऊन तिचे काम तपासतात, आणि या देखरेखीचा खर्च प्रयोगशाळांकडूनच वसूल होतो. अमेरिकेत सारे सोन्याचे आहे, असे मी म्हणत नाही. पण मान्यता द्यायची तर सर्वांसमोर द्यायची, हा विचार आपण घेण्यासारखा आहे.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा; आणि इथे मी तुम्हाला समुद्रापलीकडे फार दूर नेणार नाही. कराची आपल्यासारखेच कापडाचे शहर. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायची दारे बंद होती. आग खंडणीसाठी लावली गेली, असे पुढे २०२० साली तिथल्या न्यायालयाने ठरवले. पण आग कोणीही लावो. दार उघडे असते तर माणसे बाहेर पडली असती. आणि आश्चर्य असे की, त्या कारखान्याला आगीच्या काही आठवडेच आधी, कामगारांच्या सुरक्षिततेसह सर्व अटी पाळल्याबद्दल एका युरोपीय संस्थेकडून आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. ज्या दाराने अडीचशे माणसे बाहेर पडू शकली नाहीत, ते दार प्रमाणपत्राला दिसले नाही. माझ्या पुलीवरच्या रंगाखालचा क्रमांकही असाच कोणाला दिसला नव्हता.

आता माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच मांडतो. तुम्ही म्हणाल, “अहो, सरकारी देखरेख म्हणजे आणखी एक निरीक्षक, आणि निरीक्षक म्हणजे आणखी एक पाकीट. इन्स्पेक्टर-राज पुरेसे झाले नाही काय?” हा आक्षेप खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरीन म्हणून जे त्यांना पाजले, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषधांवर नजर ठेवण्यासाठी असलेल्या सरकारी यंत्रणेच्या कारभारावर अत्यंत कडक ताशेरे ओढले. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय होते, याचा तो अहवाल म्हणजे धडाच आहे. पण कुंपण शेत खाते म्हणून कोणी शेतकरी कुंपण काढून टाकीत नाही. तो कुंपणाकडे लक्ष ठेवू लागतो. सरकारने चाचणीचे काम दुसऱ्याला द्यावे, त्याला माझा विरोध नाही. प्रत्येक चेनपुलीपाशी सरकारी माणूस उभा राहू शकत नाही, हे मलाही कळते. काम दुसऱ्यावर सोपवता येते. जबाबदारी सोपवता येत नाही. आणि सरकार ती नीट पाळते की नाही हे पाहायला, नागरिकांच्या डोळ्यांसमोर सारे उघडे ठेवण्यावाचून दुसरा उपाय मला दिसत नाही.

शेजारच्या डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा काचा किती दूरवर फुटल्या ते आपण वाचले, काहींनी पाहिलेही. अशा प्रत्येक वेळी तपासण्यांची धावपळ सुरू होते. वरातीमागून घोडे. तपासणी अपघातानंतर झाली तर तिला पंचनामा म्हणतात.

मग काय व्हावे? मी शास्त्रज्ञ नाही. संघटनेच्या माणसाला सुचते तेवढे सांगतो. जिल्ह्यात मान्यता असलेल्या सक्षम व्यक्तींची आणि प्रयोगशाळांची यादी, कोणाला कोणत्या चाचणीची मान्यता आहे आणि कोणाची मान्यता काढून घेतली, यासह मराठीत लागावी. आपल्या गावात उर्दू, हिंदी आणि तेलुगूतही. सिमेंटच्या चाचणीची मान्यता असलेल्याने बुटावर शिक्का मारू नये, एवढे तरी लोकांना पाहता आले पाहिजे. नमुना दुकानातून आणि गोदामातून उचलावा, कारखानदाराच्या हातून घेऊ नये. दिलेल्या प्रमाणपत्रांपैकी काही, चिठ्ठ्या टाकून, न सांगता पुन्हा तपासावीत. जिथे कागद आणि यंत्र जुळणार नाही, तिथे सही करणाऱ्याचे नाव जाहीर व्हावे. फी कारखानदाराने भरावी, पण ती एका सामाईक निधीत; कोणता तपासनीस कोणाकडे जाईल, हे फी देणाऱ्याने ठरवू नये. आणि शेवटची गोष्ट, जिला एक पैसाही खर्च नाही : प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत त्या यंत्राशेजारीच, कामगाराला वाचता येईल अशी, क्रमांकासह लावावी. कपाटात ठेवलेले प्रमाणपत्र मालकाच्या उपयोगी पडते. यंत्राशेजारी लावलेले प्रमाणपत्र हात वाचवू शकते.

यांतली एक अडचण मी लपवीत नाही. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणारा कारखाना म्हणायला १० कामगार पुरत. २०२० च्या संहितेत हा आकडा २० झाला आहे. आपल्या गावातले कितीतरी मागाचे गाळे आठ-दहा माणसांवर चालतात. धोटा उडून डोळ्यावर बसतो तेव्हा तो गाळ्यात किती माणसे आहेत, हे मोजत नाही. कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्या या माणसांसाठी तर खरा शिक्का आणि खोटा शिक्का यांतला फरक अधिकच महत्त्वाचा. कारण त्यांच्याकडे दुसरे कोणी पाहायला येणारच नाही.

मालकबंधूंनाही दोन शब्द सांगतो. तुमच्यातले पुष्कळ जण स्वतः माग चालवून वर आलेले आहेत. तुम्ही बाजारातून सुरक्षा बूट म्हणून जोड आणता आणि चवड्यावर पत्र्याची पातळ पट्टी निघते, तेव्हा फसवणूक तुमचीही झालेली असते. पैसे तुमचे गेले, बोटे हमालाची गेली. या बाबतीत आपण एका बाजूला आहोत.

आणि दोष आमच्याही पदरात घालतो. चष्मा दिला तर तो खुंटीला टांगणारे आमचेच सोबती आहेत. तपासणीच्या दिवशी ‘सर्व ठीक आहे’ या ओळीखाली कामगारांचा प्रतिनिधी म्हणून न वाचता सही करणारेही आमचेच. एके काळी मीही अशी सही केली आहे. आम्ही पगाराच्या आण्यापैचा हिशेब चोख ठेवला, बोनससाठी महिनोन्‌महिने झगडलो, पण प्रमाणपत्राचा कागद कधी हातात घेऊन वाचला नाही. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे, त्यानेच दोर पाहू नये, याला काय म्हणावे?

तेव्हा आज इथून जाताना एक लहानसे काम घेऊन जा. आपल्यापैकी कोणी गोदामात असेल, कोणी सायझिंगमध्ये, कोणी कारकून, कोणी मालक. उद्या सकाळी आपल्या कामाच्या जागी एक तरी शिक्का नीट वाचा. आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक. तो क्रमांक खरा आहे की नाही, हे मानक ब्यूरोकडे मोबाइलवरही पडताळता येते. चेनपुली असेल तर कागदावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक ताडून पाहा. जुळला तर तपासणाऱ्याला मनातल्या मनात धन्यवाद द्या. त्याने आपले काम केले आहे. जुळला नाही तर गप्प बसू नका, लेखी कळवा.

त्या जुन्या सोबत्याची पुढे मला एकदा बाजारात गाठ पडली. डाव्या हाताने तो भाजी विकत होता. मी वांगी घेतली. त्याने तागडीत वजन टाकले, ते पुन्हा उचलले, त्याचा खालचा भाग माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “भाऊ, शिक्का बघून घ्या.” तो हसत होता. मला मात्र हसता आले नाही. आज तुमच्यापुढे जे बोललो, ते सारे त्या एका वाक्यात होते.